कोळंबीच्या तळ्यावरचा डबा आणि घरी शिजवलेलं लिनक्स: यॉक्टो की बिल्डरूट?

खाजणकर

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या काठाने ओळखीतल्या काही जणांची कोळंबीची तळी आहेत, सगळी वनामी जातीच्या कोळंबीची. त्यांच्यासाठी एक डबा बनवतोय. त्यातल्या सॉफ्टवेअरविषयी इथे बोलायचं आहे, पण आधी धंद्यातली अडचण सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

दिवसा तळ्यातलं प्लवक उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच प्लवक आणि कोळंबी मिळून तो संपवतात. पहाटे, उजाडायच्या आधी, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन (तळ्यावर सगळे नुसतं ‘डीओ’ म्हणतात) सगळ्यात खाली गेलेला असतो. मुळात पाण्यात तो फारसा मावतच नाही. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर मुरतो, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम सहाच्या वर. तो तीनच्या खाली उतरला की कोळंबी काठाला येऊन तरंगायला लागते, आणि त्याच वेळी लाइट गेलेली असली तर अख्खं पीक गेलं म्हणून समजा.

डब्यात बीगलबोन ब्लॅक (लिनक्स चालणारा छोटा कॉम्प्युटर बोर्ड), आरएस-४८५ च्या तारेवर डीओचा प्रोब, एरेटरचे (पाण्यात हवा घुसळणारी यंत्रं) कॉन्टॅक्टर म्हणजे मोठे स्विच, फोरजी मोडेम आणि भोंगा. रीडिंग घ्यायचं, एरेटर टप्प्याटप्प्याने चालू करायचे, मालकाला फोन लावायचा, आणि शेडमध्ये बसलेल्या माणसाला मोबाइलवर आलेख दिसला पाहिजे.

आता मुद्दा. बहुतेक जण डेबियन नावाचं तयार लिनक्स मेमरी कार्डावर टाकतात, वर आपला प्रोग्राम ठेवतात आणि मोकळे होतात. टेबलावर ते झकास चालतं. तळ्यावर गेलं की महिन्याभरात प्रत्येक डबा वेगळा होऊन बसतो. एकावर कुणीतरी अपडेट मारलेलं असतं, दुसऱ्यावर ते अर्ध्यात लाइट गेल्याने लटकलेलं असतं, तिसऱ्यावर लॉगने कार्ड भरलेलं असतं. फोनवर ‘तुमच्याकडे काय दिसतंय?’ विचारून दुरुस्ती करायची म्हणजे आंधळी कोशिंबीर.

म्हणून बिल्ड सिस्टिम. कंपायलर, कर्नल (लिनक्सचा गाभा), बूटलोडर (कर्नल उठवणारा छोटा प्रोग्राम), लायब्ररी, आपला प्रोग्राम हे सगळं सोर्सपासून आपल्या मशीनवर बांधायचं आणि शेवटी एकच इमेज, म्हणजे डब्यावर जशीच्या तशी उतरवायची फाइल, बाहेर काढायची. डब्यावर नंतर काही ‘इन्स्टॉल’ करायचं नाही. बदल हवा तर नवी इमेज. मुळातली फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती, लिहायला वेगळं छोटं पार्टिशन.

यात दोन नावं पुढे येतात. बिल्डरूट म्हणजे कर्नलसारखाच मेनूकॉन्फिग: हवं त्याला टिक करा, मेक म्हणा, इमेज घ्या. दुपारभरात सगळी सिस्टिम डोक्यात बसते. यॉक्टोत प्रत्येक सॉफ्टवेअरची एक रेसिपी असते, रेसिप्यांचे थर असतात, आणि बिटबेक हे यॉक्टोचं साधन त्या वाचून सोर्स आणणं, पॅच लावणं, कंपाइल करणं, पॅकेज करणं अशी हजारो कामं लावतो. प्रत्येक कामाला काय काय पुरवलं त्याची तो सही (हॅश) काढतो. सही तीच निघाली तर काम पुन्हा होत नाही, जुन्या साठ्यातून उचललं जातं. बिल्डरूटमध्ये टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं) बदलली की सगळं पुसून पहिल्यापासून.

पण माझ्या मते यॉक्टो की बिल्डरूट हा प्रश्नच दुय्यम आहे. पाच वर्षांनी, खाडीकाठी, नेट नसताना, हीच्या हीच इमेज पुन्हा काढता येईल का, हा खरा प्रश्न. दोन्ही सिस्टिम मुळात इंटरनेटवरून सोर्स ओढतात आणि त्या लिंका मरतात. २०२२ च्या मार्चमध्ये गिटहब या सोर्स ठेवायच्या साइटने एन्क्रिप्शन नसलेला जुना गिट प्रोटोकॉल कायमचा बंद केला, आणि तोवर सुरळीत चालणाऱ्या कित्येक रेसिप्या एका रात्रीत सोर्स आणायच्या पायरीवरच आपटल्या. कुठे ‘मास्टर’ शाखेचं नाव ‘मेन’ झालं, तिथेही तेच. आगोटीला आपण तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतो, तसे सोर्स भरून ठेवले पाहिजेत. बिल्डरूटला ‘मेक सोर्स’ म्हटलं की पुरतं. यॉक्टोत डाउनलोडचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर ठेवा, गिटवरून आणलेल्या सोर्सचेही टारबॉल (एका फाइलीतले गठ्ठे) करायचा पर्याय चालू करा, मग बीबी_नो_नेटवर्क हे नेट तोडणारं सेटिंग एक करून आणि जुना साठा बाजूला काढून कोऱ्या फोल्डरात बिल्ड मारा. तो शेवटपर्यंत गेला तरच भरणी झाली.

मी सध्या यॉक्टोच्या स्कार्थगॅप आवृत्तीवर आहे. कोकणात किंवा इतरत्र असं काही शेतात, बोटीवर, बर्फाच्या कारखान्यात लावलेलं कुणी आहे का? जागेवर अपडेट कसं करता?

सुरंगी

छान धागा. पण पहिला प्रश्न: लिनक्स हवंच कशाला? डीओ वाचून एरेटर लावायला ईएसपी३२ सारखा स्वस्त मायक्रोकंट्रोलर पुरतो. बूट व्हायला सेकंद लागत नाही, कार्ड नाही, त्यामुळे फाइल सिस्टिम बिघडायची भानगड नाही, आणि किंमत बीगलबोनच्या पासंगालाही नाही. पहाटे चारला तळं वाचवायचं काम मी तरी बिटबेकच्या भरवशावर सोडणार नाही.

खाजणकर

सुरंगीताई, पूर्ण मान्य, आणि डब्यात तसंच आहे. कॉन्टॅक्टर छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या ताब्यात आहेत. लिनक्स मेलं तरी तो शेवटच्या ठरलेल्या पातळीवर एरेटर चालवत राहतो, आणि लिनक्सकडून ठरावीक वेळात हाक आली नाही तर भोंगा वाजवतो. लिनक्स लागतं ते मोडेमसाठी, सही तपासून अपडेट घ्यायला, हंगामभराचा डेटा ठेवायला आणि शेडमधल्या वायफाय पानासाठी. तेवढं सगळं ईएसपी३२ वर कोंबायला गेलं की आपणच एक अर्धवट ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत बसतो.

मालवणी_बांगडो

धागो बरो आसा. पण तळ्यावालो पयलो काय इचारतलो? ‘बंद पडलो तर कोण येतलो?’ आमच्या आचऱ्याक एकजण रात्रभर एरेटराचो आवाज आयकत निजता. आवाज थांबलो की तेका जाग येता. तेच्यापेक्षा बरो सेन्सर खंय गावतलो?

खाजणकर

हाहा, त्याच्या कानाला तोड नाही. पण एरेटर चालू असूनही डीओ खाली जातो हो. दोन दिवस मळभ राहिलं, प्लवक एकदम मेलं, तर आवाज छान येत असतो आणि कोळंबी काठाला. तेवढ्यासाठी प्रोब. आणि प्रोबवर शेवाळ धरतं, ते पुसायला माणूस लागतोच, म्हणजे आचऱ्याच्या गड्याची नोकरी पक्की.

जुनाजाणता

बऱ्याच वर्षांनी या विषयावर मराठीत काही वाचलं. थोडा इतिहास सांगतो, कारण नवी मुलं यॉक्टो हे कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर समजतात.

२००३ च्या सुमारास शार्पच्या झॉरस नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर लोक स्वतःचं लिनक्स चढवत होते. त्या धडपडीतून ओपनएम्बेडेड ही बिल्ड सिस्टिम आली. बिटबेकची कल्पना जेंटू लिनक्सच्या पोर्टेज या पॅकेज साधनावरून घेतलेली. ओपन्डहँड नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीने त्यातून पोकी काढलं, २००८ मध्ये इंटेलने ती कंपनी घेतली, आणि २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने यॉक्टो प्रोजेक्ट जाहीर केला. रिचर्ड पर्डी तेव्हापासून त्याचे मुख्य आर्किटेक्ट. म्हणजे यॉक्टो हे डिस्ट्रो (तयार लिनक्स) नव्हे, डिस्ट्रो बनवायचा कारखाना. आज गाड्यांतलं ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स, एलजीच्या टीव्हीतलं वेबओएस, सर्व्हरच्या बोर्डावरचं ओपनबीएमसी, सगळं याच कुळातलं.

बिल्डरूट त्याहून जुनं, यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीवाल्यांनी आपली लायब्ररी तपासायला केलेलं. तुमच्या घरच्या राउटरवर कुणी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं खुलं लिनक्स) चढवलं असेल तर त्याची मुळंही बिल्डरूटमध्येच. आणि ओपनडब्ल्यूआरटी झालं ते लिंक्सिसने जीपीएल या खुल्या परवान्यापायी डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स उघडा केला म्हणून. सोर्स मागून घ्यायचा हक्क किती कामाचा असतो, ते बघा.

आता माझं मत. एकाच बोर्डाचा एकच डबा असेल तर बिल्डरूट. यॉक्टोची पुस्तिका वाचून होईपर्यंत तुमची कोळंबी काढणीला येईल. चार वेगवेगळे बोर्ड आणि दहा गिऱ्हाइकांच्या दहा तऱ्हा झाल्या की यॉक्टो.

कातळशिल्पी

जुनाजाणता यांच्याशी निम्मा सहमत. मी पुण्यात हेच काम करतो, गाव देवरुख. यॉक्टोची खरी डोकेदुखी यॉक्टो नसून बोर्डवाल्याचा बीएसपी, म्हणजे बोर्डाबरोबर तो देतो तो कर्नल-ड्रायव्हरचा थर, असते. एका बोर्डाबरोबर आलेला थर यॉक्टोच्या डनफेल आवृत्तीसाठी लिहिलेला होता. डनफेल आलं एप्रिल २०२० मध्ये, त्याची चार वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली. पुढे न्यायला गेलो तर पहिल्याच फटक्यात शेकडो एरर. कारण ऑक्टोबर २०२१ च्या होनिस्टर आवृत्तीपासून ओव्हरराइड (रेसिपीतली किंमत बदलायची ओळ) लिहायची पद्धत बदलली. आधी ‘अपेंड’च्या अलीकडे अंडरस्कोर असायचा, आता कोलन. ते बदलणारी स्क्रिप्ट यॉक्टोवाल्यांनीच दिलेली आहे, ती नव्वद टक्के काम करते, उरलेलं हाताने. पण कर्नल? त्यात विक्रेत्याचे पॅच असे विणलेले की सुटा करायला जावं तर सगळंच उसवतं. मेल केला तर उत्तर आलं, ‘नवीन बोर्ड घ्या.’

तेव्हा बोर्ड निवडताना एकच बघा: मूळ कर्नलमध्ये, कुणाच्याही पॅचशिवाय, तो चालतो का? बीगलबोन त्या कसोटीवर उतरतो, यॉक्टोच्या स्वतःच्या संदर्भ बोर्डांत तो आहे. खाजणकरांची निवड शहाणी.

एकपदरी

मी हर्णैचा. बोटीवरच्या बर्फाच्या खणात तापमानाचा लॉगर लावलाय, यॉक्टोवरच. एक चमत्कारिक प्रकार होतोय. बंदरात बॅटरी काढून परत लावली की नोंदी ९ मार्च २०१८, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांच्या पडतात. दर वेळी तीच तारीख. आणि त्या अवस्थेत सर्व्हरला जोडतच नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो. सर्टिफिकेट तर बरोबर आहे, लॅपटॉपवर चालतं. कुणाला अनुभव?

सुरंगी

जुना मित्र आहे हा! यॉक्टोत कुणीही, कुठेही बिल्ड केलं तरी इमेज बिट-बिट सारखी यावी म्हणून रूट फाइल सिस्टिममधल्या फाइलींना एक ठरावीक वेळ देतात. ती वेळ म्हणजे ९ मार्च २०१८, १२:३४:५६ यूटीसी. आपल्याकडे साडेपाच तास मिळवा: ६:०४:५६. तुमच्या बोर्डाला सेलवरचं घड्याळ नाही, म्हणून उठल्यावर तो तीच वेळ धरून चालतो. नेट मिळून वेळ सुधारेपर्यंत त्याच्या लेखी साल २०१८, आणि तुमचं सर्टिफिकेट त्यानंतरचं, म्हणजे ‘अजून लागूच झालेलं नाही’. म्हणून तो दार लावून बसतो.

उपाय: डीएस३२३१ चिपचं छोटं घड्याळ बोर्डाच्या आय२सी पिनांवर लावा, सीआर२०३२ सेल घालून. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी यादी) त्याची नोंद करा, आणि त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच घ्या, कारण जुने कर्नल वेळ उचलतात ती मॉड्यूल चढायच्या आधी. शिवाय वेळेचा सर्व्हर पकडायला सर्टिफिकेट लागणार नाही असं बघा, नाहीतर वेळ नाही म्हणून सर्टिफिकेट नाही आणि सर्टिफिकेट नाही म्हणून वेळ नाही.

एकपदरी

बाप रे. हे मी बॅटरीचा दोष समजून तीच बदलत होतो. घड्याळ मागवतो. खाऱ्या हवेत त्या सेलचा होल्डर किती टिकेल?

सुरंगी

उघडा ठेवलात तर एक पावसाळाही नाही. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप) मारा, होल्डरचे संपर्क मात्र आधी झाकून. टॅग (धातूच्या पट्ट्या) लावून सोल्डर केलेला सेल मिळतो तो उत्तम.

खाजणकर

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही, म्हणून मीच काय करतो ते लिहितो, त्यावर तुटून पडा.

ईएमएमसीवर (बोर्डावरची साठवणीची चिप) रूटची दोन पार्टिशनं, अ आणि ब. डबा अ वरून चालू असताना नवी इमेज ब वर लिहिली जाते. त्यासाठी राउक हे अपडेटचं साधन वापरतो. त्याचा बंडल (अपडेटची फाइल) डिजिटल सहीचा असतो, सही जुळली नाही तर तो हातच लावत नाही. लिहून झालं की बूटलोडरला सांगायचं, पुढच्या वेळी ब. ब वरून उठून माझा प्रोग्राम प्रोब वाचू शकला, मोडेम लागला, की मग तो ‘ठीक आहे’ अशी खूण करतो. खूण झालीच नाही तर ठरलेल्या प्रयत्नांनंतर यू-बूट हा बूटलोडर आपोआप अ वर परततो. लिहिताना मध्येच लाइट गेली तर फक्त ब अर्धवट राहतो, चालू सिस्टिमला धक्का नाही. सिस्टिम अडकली तर रीसेट करणारा वॉचडॉग आहेच.

खाडीच्या तोंडाशी रेंज येते-जाते, म्हणून बंडल पेनड्राइव्हवर. मालकाचा पोरगा डब्यात खोचतो, हिरवा दिवा स्थिर झाला की काढतो. मे संपायच्या आत सगळे डबे एका आवृत्तीवर आणायचे, पावसात कुणी खाडीकाठी डबा उघडायला जाणार नाही.

जुनाजाणता

मांडणी चांगली. पण एक लक्षात ठेवा: दोन पार्टिशनं केली तरी चिप एकच. लाइट जाते त्या क्षणी ईएमएमसीचा आतला कंट्रोलर कुठला ब्लॉक हलवत असेल ते लिनक्सला कळत नाही. जर्नल फाइल सिस्टिम सावरतं, कंट्रोलरचा हिशोब नाही. तेव्हा पुरवठ्याला छोटी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर ठेवा आणि लाइट गेल्याची सूचना प्रोग्रामला द्या, म्हणजे तो लिहिणं आटोपून गप्प बसेल. नोंदी दर सेकंदाला लिहू नका, रॅममध्ये साठवून मिनिटा-दोन मिनिटांनी एकदम उतरवा.

घाटमाथा

नेट नसताना बिल्ड या मुद्द्याला माझे दोन हात वर. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतं? दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. मी तेव्हा घरून काम करत होतो. जनरेटरवर लॅपटॉप चालवता येत होता, पण टॉवरच आडवे, नेट आणणार कुठून? डाउनलोड फोल्डर डिस्कवर होता म्हणून काम हलत राहिलं. तेव्हापासून कुणी ‘क्लाउडवर बिल्ड करू’ म्हणालं की मी आधी विचारतो, तुम्ही पावसाळ्यात कुठे असता?

जाताजाता: हाच डबा नदीची पातळी बघायला वापरता येईल का? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात प्रत्येकाला आपल्या गल्लीपुरतं तरी मोजमाप हवंय. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा लावलेली आहेच, पण ती गाड्यांसाठी.

खाजणकर

होईल, सेन्सर बदलला की झालं. रडारवाला घ्या, पाण्याला न लागणारा. इथे यॉक्टोचा फायदा दिसतो: खालचा थर तोच, वर फक्त एक वेगळी रेसिपी आणि वेगळी इमेज. त्यासाठी मात्र वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

शिरगावची_पोर

मी रत्नागिरीत डिप्लोमाला आहे. वाचायला खूप आवडलं. माझ्याकडे आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि डिस्कवर जेमतेम साठ जीबी मोकळे. यॉक्टो जमेल का, की नादच सोडू?

कातळशिल्पी

नाद कशाला सोडतेस? पुस्तिका याहून बरीच जास्त जागा मागते, पण ते मोठ्या इमेजसाठी. तू कोअर-इमेज-मिनिमल या छोट्या इमेजपासून सुरुवात कर. लोकल.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत आरएम_वर्क चालू कर, म्हणजे एकेक रेसिपी बांधून झाली की तिचा पसारा पुसला जातो. एकाच वेळी चालणारी कामं (थ्रेड) दोन-तीनवर आण, नाहीतर सी++ ची चार मोठी कामं एकदम सुरू होऊन लॅपटॉप गारठेल. क्यूटी (पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी), ब्राउझर अशा मोठ्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नकोस. बोर्ड नसला तरी चालतं, क्यूईएमयू या बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर इमेज उठवून बघ.

जुनाजाणता

पोरी, आधी बिल्डरूट कर. मेनूकॉन्फिगमध्ये काय काय आहे ते नुसतं फिरून बघितलंस तरी लिनक्सची हाडं कळतात. मग यॉक्टो.

कातळशिल्पी

नोकरी मात्र यॉक्टोवाल्यालाच मिळते, काका.

जुनाजाणता

नोकरी मिळते, झोप जाते. असो.

शिरगावची_पोर

दोन्ही करते :) आधी बिल्डरूट. कॉलेजच्या नेटवर रात्री सोर्स उतरवून ठेवते. खाजणकर दादा, तुमचा थर कुठे बघायला मिळेल का?

खाजणकर

टाकतो. त्याआधी मालकांची नावं, तळ्यांचे ठिकाण आणि मोडेमच्या सेटिंग आतून काढाव्या लागतील. कास नावाचं एक साधन आहे, त्याच्या एका फाइलमध्ये कुठला थर, त्याचा कुठला कमिट (गिटमधली नेमकी नोंद) हे सगळं नेमकं नोंदवलेलं असतं. ती फाइलही बरोबर देतो, म्हणजे तुझ्याकडेही माझ्यासारखीच इमेज निघेल.

जुनाजाणता

आणि राउकची सही करायची खाजगी किल्ली त्या थरात राहिली नाही ना, ते टाकायच्या आधी गिटच्या जुन्या कमिटांसकट तपासा. फाइल आज पुसली तरी इतिहासात ती तशीच असते.

खाजणकर

किल्ली थरात नाहीच, वेगळ्या पेनड्राइव्हवर आहे आणि तो घरी कपाटात. पण गिट चाळतो, तुम्ही म्हणता तर. रविवारपर्यंत लिंक देतो.

मालवणी_बांगडो

माका पण लिंक देवा. आचऱ्यावाल्याक दाखवतंय. हिरवो दिवो तेका नक्की आवडतलो.